प्रमिलादींचा न रडवणारा सिनेमा

ये गं, अशी जवळ सरक. खुर्चीच्या टोकावर पाहुण्यासारखी काय बसलीस? आणि तो फोन ठेव बाजूला. तुम्हा पोरींचं हे एक मला मुळीच आवडत नाही. जरा कुठं दुखण्याखुपण्याचा विषय निघाला की लगेच, "मावशी, काहीतरी छान सांग ना!" छानच सांगणार आहे. ज्या बाईबद्दल सांगायचंय ती फार छान होती. पण तिची गोष्ट ऐकून तुझं डोकं तापलं नाही, तर मला सांगता येत नाही असं मी समजेन.

प्रमिला टिपणीस त्यांचं नाव. आम्ही सगळे प्रमिलादी म्हणायचो, कारण कलकत्त्यात कुणी नुसतं नावानं राहतच नाही, कुणाची तरी दीदी नाहीतर माशी, म्हणजे मावशी, व्हावंच लागतं. आमच्या ह्यांची बँकेतली बदली झाली आणि आम्ही सॉल्ट लेकला राहायला आलो, तेव्हा त्या आमच्या समोरच्याच दारात होत्या. सरकारी फिल्म खात्यात त्यांनी जन्मभर माहितीपटांचं संकलन केलं. संकलन हा शब्द मी म्हणते हं. त्या म्हणायच्या, "मी कापाकापी करते." धरणं, लसीकरण, विहिरीत टाकायची पावडर, सगळ्यावरच्या फिल्मा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. नोकरीपायी इथं आल्या, रिटायर झाल्या आणि राहिल्या त्या राहिल्याच.

लग्न केलं नव्हतं. मी एकदा आगाऊपणानं विचारलं, तर म्हणाल्या, "कुसुम, शेवटपर्यंत बघवेल असा कुणी भेटलाच नाही."

ठेंगणा बांधा, सुती साडी कमरेला घट्ट खोचलेली, दोरीला बांधलेला चष्मा छातीवर लोंबतोय. बंगाली अशी बोलायच्या की शब्द सगळे बंगाली आणि हेल सगळा ठाण्याचा. मासेवाल्याशी रोज भांडण. इलिश मासा घरी आणायच्या आणि त्यात कोकम घालायच्या! खालच्या मजल्यावरच्या सोमाला त्यांनी ते कालवण एकदा चाखायला दिलं. बिचारी इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं काटाच लागला. मग हळूच म्हणाली, "दीदी, माशानं तुमचं काय वाईट केलं होतं?"

आणि कापायची खोड कुठंही सुटायची नाही. आमच्या धाकट्याच्या लग्नाचा व्हिडिओ आला, म्हणून मी हौसेनं त्यांना बोलावलं. चहा केला, चिवडा दिला. बघता बघता नवरीच्या पाठवणीचा प्रसंग आला. सगळ्या बायका पदर डोळ्याला लावतायत, मागून सनई. मीही नाक ओढलं. प्रमिलादी म्हणाल्या, "पुढं घे."

"अहो प्रमिलादी, पोरगी रडतीय!"

"तेच म्हणते. किती वेळ रडतीय! एवढ्यात तिचा बाप मागं उभा राहून मांडववाल्याला काहीतरी विचारतोय बघ. त्याचा चेहरा बघितलास? तो ठेवायचा. हे बाकीचं काप."

मी तो व्हिडिओ मागं नेऊन बघितला. खरंच गं. व्याही कोपऱ्यात उभे होते, आणि मांडववाल्याशी बोलता बोलता माणूस एका क्षणात म्हातारा झाला होता. मला तो दिसलाच नव्हता, रडण्याच्या नादात.

त्यांचं म्हणणं असं होतं, "रडवणं सोपं गं. रडलेला माणूस डोळे पुसतो, हलका होतो, घरी जाऊन जेवतो. आपल्याला काय त्याचं? चिडलेला माणूस मात्र प्रश्न विचारतो." हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की मला पाठ झालं. अर्थ मात्र टुपुर आजारी पडली तेव्हा कळला.

टुपुर म्हणजे सोमाची मुलगी. सात वर्षांची, भारी तोंडाळ. तिला ताप येऊ लागला, अंगावर निळे डाग पडू लागले, आणि तपासात रक्ताचा कॅन्सर निघाला. मी हा शब्द सरळ उच्चारतेय, बघ. आमच्या बिल्डिंगीत कुणी उच्चारत नव्हतं. लिफ्टमध्ये "ते मोठं दुखणं" म्हणायचे आणि आवाज असा खाली आणायचे, जसं काही सोमाच्या घरी चोरीच पकडली गेली होती. दोन दारं सोडून राहणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "मुलांना खाली पाठवू नका हं, सांगता येत नाही." काय सांगता येत नाही? कॅन्सर काय खोकल्यातून उडतो? शिकलेली बाई, गळ्यात ऑफिसचं कार्ड!

मुलांचा हा आजार पुष्कळदा बरा होतो, असं डॉक्टरांनी सोमाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण उपचार लांबलचक. बरेच दिवस हॉस्पिटल झालं, मग घरी गोळ्या सुरू झाल्या. एका सकाळी आम्ही दोघी सोमाकडे गेलो, तर ती स्वयंपाकघरात पोळपाटावर एक गोळी ठेवून सुरीनं कापत होती. गोळी केवढी, आणि तिचे तुकडे करायचे. आज अर्धी, उद्या चतकोर, असं डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेलं. सुरी घसरली, एक तुकडा भुगा झाला, आणि सोमा तो भुगा बोटानं गोळा करत खाली बसली. हा सगळा चतकोर आहे का, कमी आहे, का जास्त आहे, तिला कळेना.

प्रमिलादी म्हणाल्या, "मुलांची गोळी का नाही आणलीस?"

सोमा म्हणाली, "मुलांची गोळी नसते, दीदी. इथं तर कुठंच मिळाली नाही. ही मोठ्यांचीच आहे."

प्रमिलादींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माशाच्या भावावरून चिडायच्या तो राग वेगळा. हा थंड होता. पुढच्या खेपेला त्या सोमाबरोबर हॉस्पिटलात गेल्या आणि डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसल्या. बाई तरुण होत्या, प्रामाणिक होत्या. त्यांनी सांगितलं ते असं, की लहान मुलांचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. त्यांचा कॅन्सर वेगळा, त्यावरचं संशोधन वेगळं करावं लागतं. पण मोठ्यांच्या मानानं आजारी मुलं थोडी, म्हणून औषधाला गिऱ्हाईक थोडं. गिऱ्हाईक थोडं म्हणून त्या वाटेला जाणारे थोडे. आणि लोकांना हे माहीतच नाही, म्हणून कुणी ओरडत नाही.

आता तूच सांग. मुलांच्या टूथपेस्टला स्ट्रॉबेरीचा वास आहे. कुत्र्याच्या बिस्किटाला कोंबडीची चव आहे! त्यावर कुणीतरी डोकं लावून काम केलंच ना? आणि ज्या गोळीवर लेकराचा जीव, ती आईनं पोळपाटावर कापायची? माझं तर आजही हे सांगताना डोकं फिरतं.

प्रमिलादींनी घरी येऊन चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "फिल्म करायची. नाव चतकोर."

सुबीर म्हणून त्यांच्या खात्यातला जुना कॅमेरामन होता, तोही रिटायर, पोट सुटलेलं, जिना चढताना देवाचं नाव घेणारा. त्याला धरून आणला. आणि कामाला सुरुवात करण्याआधी प्रमिलादींनी एक नियम घातला, तसा मी कुठं ऐकला नाही. शूटिंगच्या आधी वाजवतात ती लाकडी क्लॅपची पाटी असते ना, ती त्यांनी टुपुरच्या हातात दिली. "तू ही वाजवलीस की कॅमेरा बंद. का, असं कुणी विचारणार नाही."

टुपुर त्यांना दिदा, म्हणजे आजी म्हणायची. तिनं विचारलं, "दिदा, मग मी हिरोइन?"

"छे! हिरोइनला कोण विचारतं? तू डायरेक्टर."

झालं! डायरेक्टरबाई पहिल्या दिवशी सारखी पाटी वाजवत सुटल्या. सुबीरनं कॅमेरा लावला की खाट्! तो घामाघूम. "दीदी, ही पोरगी मला मारणार." प्रमिलादी म्हणाल्या, "वाजवू दे. खरंच बंद होतो का, बघतीय ती." आणि तसंच झालं. खात्री पटली तशी पोर शांत झाली. नंतर ती कॅमेऱ्यासमोर इतकं बोलली, टोपी काढून आपल्या टकलावर पेनानं डोळे काढून दाखवले, की आम्हीच हसून बेजार.

शहरातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणारी एक मुलगी होती, तिच्याकडेही टुपुरला घेऊन गेलो. तिनं सूक्ष्मदर्शकातून तिला रक्तातल्या पेशी दाखवल्या. टुपुर डोळा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "हा तर साबुदाणा!" ती मुलगी हसली, आणि मग मुलांच्या पेशींचे नमुने जपून ठेवून त्यांचा अभ्यास केला तर पुढच्या मुलांना काय मिळेल, हे तिनं टुपुरला समजेल असं सांगितलं. मलाही तेव्हाच समजलं. ते सगळं फिल्ममध्ये आहे. पोळपाटावरची गोळीही आहे. रडणं मात्र कुठंही नाही.

म्हणजे, होतं. एकदा पाठीत सुई टोचायच्या दिवशी टुपुर घाबरली आणि तिनं पाटी वाजवली. सुबीरच्या हातून बटण लागलं नसेल, कॅमेरा थोडा वेळ चालू राहिला. त्यात ती आईला हाक मारून रडताना आली होती.

फिल्म हॉलमध्ये लावायची तर पाठबळ हवं. सेक्टर फाइव्हमध्ये एका मोठ्या कंपनीत केळुसकर म्हणून साहेब होते, आपलेच मराठी. समाजकार्याचं खातं त्यांच्याकडे. सुबीरनं त्यांना सगळं कच्चं चित्रण पाठवून दिलं होतं, ही त्याची चूक. आम्ही दोघी गेलो तर साहेबांनी कॉफी मागवली, फार गोड बोलले.

"मॅडम, फिल्म सुंदर आहे. पण मूल हसतंय."

"हो. फार हसते ती."

"हसणाऱ्या मुलासाठी कोण पुढं येणार, सांगा? लोकांच्या काळजाला हात घालायला हवा. तो सुईचा शॉट आहे ना तुमच्याकडे, आईला हाक मारते तो? त्यानंच सुरुवात करा. पोस्टरवरही तोच घेऊ. आमच्या सगळ्या ऑफिसांत लावतो मी."

प्रमिलादी म्हणाल्या, "तिनं बंद करा म्हटलं होतं."

"अहो, सात वर्षांची मुलगी ती!"

"मग? सुई तिलाच टोचली ना? का तुम्हाला?"

साहेबांच्या कपातली कॉफी तशीच राहिली. ते म्हणाले, तिच्या आईवडिलांची सही घेऊ, कायद्यात बसतं. मग म्हणाले, याशिवाय आमचं नाव देता येणार नाही. प्रमिलादींनी पिशवीतून लॅपटॉप काढला, त्यांच्यासमोर तो तुकडा शोधला आणि पुसून टाकला. "तुमच्याकडचाही पुसा. आणि नावाचं म्हणाल, तर नावाची पाटी कापायला मला क्षणभरही लागत नाही. सगळ्यात सोपं काम ते."

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "प्रमिलादी, जरा गोडीनं घ्यायचं होतं. आता फिल्म दाखवणार कुठं?" त्या म्हणाल्या, "कुसुम, त्याला मूल नको होतं गं. रडणं हवं होतं. कुणाचंही चाललं असतं." आणि ऑटोला हात केला.

मग मीच सुचवलं, आपलं मराठी मंडळ आहे ना! गणपतीत सगळे जमतात. सेक्रेटरी होते साठे. ते ऐकूनच मागं सरकले. "वहिनी, बाप्पासमोर कॅन्सर? सणासुदीला?" मी म्हटलं, "बाप्पा विघ्नहर्ता ना? मग विघ्नाचं नाव त्याच्यासमोर नाही घ्यायचं तर कुणासमोर घ्यायचं?" शेवटी हो म्हणाले, पण कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी तो शब्द छापला नाही. 'लघुपट' एवढंच. प्रमिलादींनी वेळ मात्र हुशारीनं मागून घेतली, आरती झाल्यावर आणि महाप्रसादाच्या आधी. "मराठी माणूस मसालेभात सोडून जाणार नाही," म्हणाल्या. "बसेल मुकाट्यानं."

टुपुर आणि सोमा पहिल्या रांगेत बसल्या. टुपुरनं नवा फ्रॉक घातला होता, डोक्यावर फुलांची टोपी. फिल्म सुरू झाली. पडद्यावर टकलावरचे डोळे आले तशी पोरं खिदळली. मग पोळपाट आला. गोळी आली. आणि हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. मागून कुणी तरी पुटपुटलं, "हे काय लावलंय?" तेवढ्यात साठ्यांनी काय केलं असेल? जेवणाच्या खोलीचं दार उघडलं आणि वाढप्यांना खूण केली. मसालेभाताचा वास आला आणि माणसं उठायला लागली. अगं, पडद्यावर आई लेकराच्या औषधाचा भुगा वेचतेय, आणि ही माणसं चपला शोधतायत! टुपुरच्या शेजारी एक मुलगी छान बघत बसली होती, तिची आई आली, दंडाला धरून ओढलं तिला आणि म्हणाली, "तिथं नको बसूस, आजार लागेल."

मराठीत म्हणाली, म्हणून टुपुरला शब्द कळले नसतील. पण ओढणं कळलं. तिनं टोपी कानापर्यंत खाली ओढली.

मी तर तोंड सोडणारच होते. प्रमिलादींनी माझा हात दाबला. फिल्म थांबवली, प्रोजेक्टर उचलला, मला म्हणाल्या, "वायर धर." आणि त्या ठेंगण्या बाई तो प्रोजेक्टर कडेवर पोर घ्यावं तसा घेऊन सरळ जेवणाच्या खोलीत गेल्या. समोर पांढरी भिंत होती. लोक ताटं घेऊन रांगेत. त्यांनी लोणच्याच्या टेबलावर प्रोजेक्टर ठेवला आणि फिल्म लावली, पहिल्यापासून.

साठे धावत आले. "टिपणीसबाई, हे काय चाललंय? लोक जेवतायत!"

"जेवू दे की. टुपुरही जेवता जेवताच गोळी घेते. आणि साठे, बाजूला व्हा, सावली पडतीय तुमची."

कुठं पळणार? हातात भरलेली ताटं! भिंतीवर चार हात मोठी टुपुर, तिच्या हसण्यावर कुणाच्या तरी डोक्याची सावली, खाली जिलब्यांचं ताट. काही जण पाठ करून जेवले, तेही मी बघितलं, नावं सांगत नाही. पण बँकेतल्या एका साहेबांची बायको होती, सहसा न बोलणारी. तिनं ताट खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघतच मोठ्यानं विचारलं, "पण मग मुलांची गोळी कुणी का करत नाही?"

प्रमिलादी तिच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू तिनं सोन्याचं कडं काढून दिलं होतं. म्हणाल्या, "बाई, हे तुम्ही आणखी चार ठिकाणी विचारा."

पुढच्या वर्षी मंडळानं आम्हाला कार्यक्रम दिला नाही. का, तर मागच्या वेळी शिस्त मोडली. लेकराला दंडाला धरून ओढलं ती शिस्त, आणि प्रोजेक्टर उचलला ती बेशिस्त! साठे आजही भेटले की मी नमस्कार करत नाही.

त्यानंतर प्रमिलादी मिळेल तिथं फिल्म दाखवत हिंडल्या. शाळांत, पूजेच्या मांडवांत, बेहाला भागात एका शिंप्याच्या दुकानात शिवणयंत्रं सरकवून. पुष्कळ जण शेवटी म्हणायचे, "दीदी, थोडं रडायला यायला हवं होतं." त्यावर त्या म्हणायच्या, "घरी जाऊन रडा. इथं विचारा."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते डमडमला. औषधनिर्माण शिकणाऱ्या मुलांच्या कॉलेजात फिल्म होती. संपल्यावर एक उंचाडा मुलगा उभा राहिला आणि रागावूनच म्हणाला, "हे असं का आहे? यावर उपाय काय?"

प्रमिलादी त्याच्यावर अशा उसळल्या! "मला विचारतोस? मी फिल्म कापणारी म्हातारी. शिकतोयस तू काय, लाडू वळायला? उपाय तुम्ही करायचा!" सगळा वर्ग हसला, पण तो मुलगा नाही हसला. तो आणि आणखी दोघी-तिघी आमच्याबरोबर मेट्रोपर्यंत चालत आले. वाटेत सगळे एकदम बोलत होते, मुलांसाठी पातळ औषध का नाही, ते टिकत नाही का, कडू लागतं का, कोण करतं, कोण करू देत नाही. मला बहिणीकडे जायचं होतं म्हणून मी फाटकाशी थांबले. "येते हो प्रमिलादी," म्हटलं. त्यांना ऐकूच गेलं नाही. त्या जिना चढत होत्या, एक हात कठड्यावर, दुसरा हवेत, त्या मुलाशी तावातावानं भांडत. मागून लोक म्हणतायत, वाट सोडा, वाट सोडा. भर जिन्यात उभ्या राहून त्यांनी त्याच्या छातीवर बोट ठेवलं, काहीतरी सांगितलं, आणि गर्दीबरोबर वर गेल्या.

त्याच आठवड्यात दुपारी झोपेतच गेल्या. मी रडले नाही असं नाही. पण फार वेळ रडायची हिंमत झाली नाही, खरंच सांगते.

टुपुरचे उपचार संपले. आता शाळेत जाते, तपासणीला जाते, वेणी घालण्याइतके केस झालेत. खाली दुसऱ्या एका घरात अजून गोळी कापतात, ते मला माहीत आहे. तो उंचाडा मुलगा मधून मधून येतो, त्याची मास्तरांशी भांडणं चालू आहेत म्हणे. पुढच्या महिन्यात बेहालाच्या एका शाळेत फिल्म लावायचीय. प्रोजेक्टर मी आणि टुपुर मिळून नेतो, पण तिची परीक्षा आहे आणि माझ्याच्यानं तो जिन्यावरून उचलत नाही गं आता. तेव्हा तू परत ये. आणि एका दिवसात परतायची घाई घेऊन येऊ नकोस. इलिश करीन. कोकम घालून.